पदवीची चौकट आली, वेळापत्रकाचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांची पाने खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘लिबरल आर्ट्स’ हा त्यांतला सध्याचा परवलीचा शब्द. पुण्याला, बेंगळूरूला किंवा थेट सोनीपतला वर्षाला काही लाख रुपये भरले की मुलाला भौतिकशास्त्रासोबत तत्त्वज्ञानही शिकता येते, असे सांगितले जाते आणि आपले पालक शैक्षणिक कर्जाच्या चौकशीला लागतात. कुणी कुठे शिकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ही सोय गोव्यात कधी नव्हतीच, हा समज खोटा आहे. ती होती, आणि नव्या चार वर्षांच्या पदवीत पुन्हा होऊ शकते. घोडे अडते ते एका कारकुनी वाटणाऱ्या जागी, म्हणजे कॉलेजच्या वेळापत्रकात. त्याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी थोडा इतिहास. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात वैद्यकीय शाळा १८४२ मध्ये आली, लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळा, १८५४ मध्ये. कला आणि विज्ञान यांचे साधे पदवी कॉलेज मात्र १९६१ पर्यंत आले नाही. पदवी हवी असलेला गोमंतकीय मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठायचा. ऐपत आणि भाषा असलेला लिस्बन-कुइंब्राला जायचा. गंमत अशी की गोव्यातले सगळ्यांत जुने कॉलेज सोळाव्या शतकातले आहे. जुन्या गोव्यातल्या जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना बसला आणि त्यावर पहिल्यांदा छापले गेले ते विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी काढलेले सिद्धान्त. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही; कॉलेजचीही एक कमान तेवढी उभी आहे. ते धर्मप्रसारासाठी काढलेले कॉलेज होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कॉलेज राजधानीत, कॉलेजात छापखाना आणि छापखान्याचे पहिले काम वादाचे, हे कॉलेजच्या स्वभावाबद्दल बरेच काही सांगून जाते.

आपल्या भागात आधुनिक शहरी कॉलेजचा नमुना ठरले ते पुण्याचे फर्ग्युसन. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १८८५ मध्ये काढले. तिथले आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे शिकवत, आणि एकच विषय शिकवीन असा कुणाचा हट्ट नसे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिथे गणित शिकवले, इंग्रजी शिकवले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकवले. सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी त्याच कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे चिरंजीव दामोदर यांनी १९३० च्या दशकात तिथेच गणित शिकवायला घेतले आणि गणित शिकवता शिकवता जुनी नाणी तोलायला सुरुवात केली. नाणे चलनात जितका काळ फिरते तितके झिजते आणि हलके होते. म्हणजे हजारो नाण्यांची वजने घेतली आणि संख्याशास्त्र नीट लावले तर कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची हे ठरवता येते. गणिताच्या प्राध्यापकाने तराजू घेऊन इतिहास लिहावा, भर्तृहरीच्या संहितेचेही संपादन करावे, याला आज बहुविद्याशाखीय असे भारदस्त नाव आहे. तेव्हा त्याला नाव नव्हते. त्यासाठी लागणारा मोकळा वेळ मात्र होता.

मुक्तीनंतरच्या पहिल्याच शैक्षणिक वर्षात, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले अशी दोन कॉलेजे सुरू झाली. १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स आले, १९६४ मध्ये नुवेला मुलींसाठी कार्मेल. सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत पेपर मुंबईचे आणि निकालही मुंबईचा. या कॉलेजांच्या नावांत ‘कला आणि विज्ञान’ हे दोन शब्द शेजारी शेजारी होते, आणि ते नुसते पाटीवर नव्हते. एकच स्टाफरूम, एकच ग्रंथालय, एकच कॅन्टीन. रसायनाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला मुलगा मराठी वाङ्मय मंडळात नाटक बसवायचा, ते कॉलेजचे धोरण होते म्हणून नव्हे. मंडळाची खोली जिन्याखालीच होती म्हणून.

चार वर्षांची पदवी हीसुद्धा नवलाई नाही. त्या वेळच्या मुंबईच्या पद्धतीत अकरावी एसएससीनंतर एफवाय, इंटर, ज्युनियर बीए आणि सीनियर बीए अशी चार वर्षेच होती. इंटरपर्यंत विषय पसरलेले असत, खास विषय त्यानंतर. सत्तरच्या दशकात दहा-दोन-तीनचा आकृतिबंध आला, शाळेची अकरावी आणि कॉलेजचे पहिले वर्ष हायर सेकंडरीकडे गेले आणि गोव्यात ही दोन वर्षे बहुतेक वेगळ्या इमारतीत, वेगळ्या व्यवस्थापनाखाली गेली. कॉलेजच्या हाती उरलेली तीन वर्षे हळूहळू एका विषयाची झाली. मुलाने अकरावीला, म्हणजे सोळाव्या वर्षी शाखा निवडायची आणि पुढे मान वळवायची नाही, हे आपण इतके अंगवळणी पाडून घेतले की आता दुसऱ्या शाखेचा एक कोर्स घेणेही क्रांतिकारक वाटते.

आता नवी चौकट काय म्हणते ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची. तीन वर्षांच्या १२० पैकी मेजर म्हणजे मुख्य विषयाला किमान ६०, मायनर म्हणजे दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय कोर्सना ९, भाषेसाठी ८, कौशल्य कोर्सना ९, मूल्यवर्धन कोर्सना ६ ते ८ आणि उन्हाळी इंटर्नशिपला २ ते ४. एक क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गातले १५ तास किंवा प्रयोगाचे ३० तास. आकडे वाचताना कंटाळा येतो, पण पालकांनी निदान एक लक्षात घ्यावे: मेजर सोडून उरलेली ६० क्रेडिट, म्हणजे निम्मी पदवी, दुसऱ्या गोष्टींसाठी आहे. ही निम्मी पदवी नीट गेली तर मूल शिकले, नाही तर तीन वर्षे एकच विषय शिकवणारी आधीची पदवी याहून बरी होती असे म्हणण्याची पाळी येईल.

ती वाया कशी जाते? प्रत्येक विभाग आपापले तास आधी टाकतो. विज्ञानाची प्रॅक्टिकल सलग दोन तासांची. साठ मुलांचा वर्ग, टेबले वीस, म्हणजे तीन बॅचेस, म्हणजे आठवड्यात तीन वेळा दोन-दोन तास. हे सगळे मांडून झाल्यावर ज्या फटी उरतात त्यांत ‘कॉमन’ कोर्स कोंबले जातात आणि ते दुपारी दीडला किंवा शनिवारी येतात. साखळी, सांगे, काणकोणहून येणाऱ्या मुलीला दीडच्या तासाला बसले तर बस चुकते. ती चार वेळा बसते, पाचव्यांदा निघून जाते. सत्राच्या शेवटी हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, मग डॉक्टरांचे सर्टिफिकेट, मग अर्ज, मग सही. तिने इतिहासाचा कोर्स मनापासून निवडला होता, हे या कागदपत्रांत कुठेच दिसत नाही. शिक्षकांना मात्र तेवढ्यावरून खात्री पटते की मुलांना दुसऱ्या शाखेत रस नाही.

उपाय अवघड नाही, क्रम उलटा करायचा. आधी सामाईक तास ठेवायचे, मग मेजरचे. पहिल्या सत्राची २० क्रेडिट साधारण अशी बसतात: मेजर ४, मायनर ४, बहुविद्याशाखीय ३, भाषा २, कौशल्य ३, मूल्यवर्धन ४. यातले बहुविद्याशाखीय ३ आणि भाषा २ मिळून आठवड्याला बरोबर पाच तास होतात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज एक तास, समजा साडेदहा ते साडेअकरा, सगळ्या एफवायसाठी राखून ठेवायचा. त्या तासाला कुठल्याही विभागाने एफवायचे मेजर लावायचे नाही आणि प्रॅक्टिकलही त्यावरून जाऊ द्यायचे नाही. प्रॅक्टिकल साडेआठला सुरू होऊन साडेदहाला संपेल किंवा साडेअकरानंतर सुरू होईल. एसवायचा तसाच राखीव तास त्याच्या पुढचा ठेवायचा, एकाच वेळी नव्हे. कारण यातली खरी अडचण खोल्यांची आहे. एफवायला चारशे मुले असतील आणि एका कोर्सला पन्नास बसवायची असतील तर त्या एका तासाला आठ खोल्या लागतात. एसवायही त्याच वेळी घातले तर सोळा. तेवढ्या खोल्या आपल्याकडे सहसा नसतात, आणि हे जूनमध्ये, पहिल्या दिवशी, मुले व्हरांड्यात उभी राहिल्यावर कळते.

मेजर-मायनरच्या जोड्यांसाठी आणखी एक साधे काम आहे. प्रवेश झाल्याबरोबर प्रत्येक मुलाकडून मायनरचे तीन पसंतीक्रम घ्यायचे. मग एक तक्ता करायचा: उभ्या रकान्यांत सगळे विषय, आडव्या ओळींतही तेच विषय, आणि प्रत्येक चौकोनात ते दोन्ही विषय घेणारी मुले किती तो आकडा. ज्या चौकोनात शून्य आहे ते दोन विषय एकाच वेळी ठेवायला हरकत नाही. जिथे वीस आहे ते कधीही एका वेळी येता कामा नयेत. जिथे एक किंवा दोन आहे तिथे त्या मुलांना बोलावून विचारायचे. बारा-पंधरा विषयांचा तक्ता दोन माणसे संगणकावर दोन दिवसांत करतात. तो न करता वेळापत्रक लावले की ‘मानसशास्त्रासोबत प्राणिशास्त्र घेता येत नाही’ असे नोटीस बोर्डावर लागते, आणि मुलाला वाटते की हा विद्यापीठाचा नियम आहे. नियम तसा नसतो. दोन्ही तास मंगळवारी एकाच वेळी आलेले असतात, इतकेच.

नियमातला एक काटा मात्र खरा आहे. बहुविद्याशाखीय कोर्स निवडताना बारावीला शिकलेला विषय पुन्हा घेता येत नाही. ऑनलाइन फॉर्मला हे कळत नाही. कॉमर्सकडून आर्ट्सला आलेला मुलगा ओळखीचा म्हणून अर्थशास्त्राचाच कोर्स टिकमार्क करतो, पास होतो आणि पुढे कधी तरी क्रेडिटची पडताळणी होते तेव्हा तीन क्रेडिट कमी भरतात. प्रवेशाच्या टेबलावर बारावीची मार्कशीट हातात असतानाच हे तपासले पाहिजे. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी खोड ‘आधी येईल त्याला जागा’ या पद्धतीची. फॉर्म रात्री उघडतो, फोटोग्राफी आणि पर्यटन दहा मिनिटांत भरतात, तत्त्वज्ञानाला सात मुले येतात, किमान संख्या भरत नाही म्हणून कोर्स रद्द. पुढच्या वर्षी तो यादीतच नसतो, त्या शिक्षकाचा वर्कलोड कमी होतो आणि ती जागा भरायची नाही असे ठरते. एखादा विषय कॉलेजमधून जातो तो असाच, कुणी ठराव न करता. आमचे मत असे की कोर्स एकदा सुरू केला की तो सलग तीन वर्षे चालवावा, सात मुले असली तरी. जागा पसंतीक्रम घेऊन सोडतीने वाटाव्यात. चौथ्या वर्षी हवे तर बंद करावा.

आता कोर्सच्या आत काय असावे याबद्दल. कला शाखेच्या मुलांसाठी रसायन म्हणजे एफवायच्या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे पातळ करून वाढणे, हा सगळीकडचा सोपा मार्ग आहे. त्यात विज्ञानही कळत नाही आणि गोडीही लागत नाही. तीन क्रेडिट म्हणजे पंचेचाळीस तास. गोव्यात एवढ्या तासांत शिकवण्याजोगा विषय दारात पडलेला आहे: खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन. भरतीचे खारे पाणी रोखणारा मातीचा बांध, त्यातली मानस म्हणजे पाणी सोडण्याची वाट, आणि मानशीची लाकडी दारे. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून नदीत जाते, भरतीला नदीचे पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करते. माणूस लागत नाही. इथे भौतिकशास्त्र आले. आतली माती किती खारट झाली हे मोजणे रसायनाचे. त्या मातीतही तग धरणारे कोरगूट भात आणि बांधाला धरून ठेवणारी खारफुटी वनस्पतिशास्त्राची. बांधाची दुरुस्ती कुणी करायची हा गावकारीचा, गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेचा, म्हणजे इतिहास आणि कायद्याचा प्रश्न. मानशीवरच्या मासळीचा लिलाव हे सरळ अर्थशास्त्र. बांध फोडून मत्स्यशेती करायची की भात ठेवायचे यावर आजही गावांत भांडणे होतात. ते राज्यशास्त्र म्हणा.

असा कोर्स तीन शिक्षकांनी पंधरा-पंधरा तास वाटून घेतला तर होतो, पण त्यातही चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. तिघांनी आपापले पंधरा तास वेगवेगळे शिकवले तर मुलाच्या हाती तीन तुकडे येतात. म्हणून पहिला आणि शेवटचा तास तिघांनी मिळून घ्यायला हवा. शेतावर न्यायचे तर ओहोटीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहूनच तारीख धरावी. भरतीला गेलात तर दार बंद दिसेल आणि पाणी बाहेर कसे पडते ते कळणार नाही. एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुले बांधावर नेऊ नयेत. बांध अरुंद असतो, पावसाळ्यात निसरडा होतो, आणि शेतकऱ्याला आपला बांध साठ पायांनी तुडवलेला चालत नाही, ते बरोबरच आहे. शिवाय विषम सत्र पावसाळ्यात येते, तेव्हा नदीचे पाणी गोडे असते: भात दिसेल, खारटपणा दिसणार नाही. खारटपणा मोजायचा तर सम सत्र, मार्च. हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याचा एक थेंब टाकून उजेडाकडे धरले की आकडा दिसतो. इतिहासाच्या मुलालाही तो वाचता येतो. पणजीच्या कॉलेजला यासाठी लांब जावे लागत नाही, रायबंदरची फेरी ओलांडली की चोडणात आणि दिवाडीत खाजने आहेत.

यावरून शहराचा मुद्दा. कॉलेज शहरात असण्याचा फायदा हा की कॉलेजात नसलेल्या गोष्टी पायी किंवा एका बसच्या अंतरावर असतात. पणजीत पाटोवर कदंब बसस्टँडला लागून मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचे मूळ १८३२ पर्यंत जाते. पुराभिलेखागारात पोर्तुगीज दप्तरे आहेत आणि मोडीतले कागदही. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंध उलगडले ते याच दप्तरांतून. कांपालला कला अकादमी. मिरामारहून थोडे पुढे गेले की दोनापावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पण यातल्या बऱ्याच जागा सरकारी वेळेत, सोमवार ते शुक्रवार उघड्या. ज्या मुलाचे तास रोज साडेआठ ते तीन आहेत त्याला पुराभिलेखागार तीन वर्षांत एकदाही आतून दिसणार नाही. आठवड्यातली एक दुपार, बुधवारची समजा, संपूर्ण कॉलेजला मोकळी ठेवली तर हे जमते. मोकळी म्हणजे मोकळी. त्या दुपारी एनएसएस, प्लेसमेंटचे भाषण आणि आयएसए (सत्रांतर्गत परीक्षा) घालायची नाही.

गेल्या काही वर्षांत पणजीतल्या शिक्षणसंस्था शहर सोडून पठारावर जात आहेत. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहेच, आल्तिनोवरचे वाणिज्य कॉलेज कुजिर्‍याला गेले, शाळाही गेल्या. मैदाने मिळाली, पार्किंग मिळाले, गळक्या छपरांपासून सुटका झाली. तक्रार करणे अन्यायाचे ठरेल. पण पठारावर संध्याकाळी साडेपाचला शेवटची बस गेली की काही उरत नाही. जी कॉलेजे अजून शहरात आहेत त्यांनी हलायचा विचार करताना हा हिशेबही मांडावा.

लिहिण्याकडे वळतो. उदार शिक्षणाचा कणा निबंध, आणि आपल्याकडे तोच मोडलेला आहे. सत्रात सहा-सात कोर्स, प्रत्येकाच्या दोन आयएसए धरल्या तरी पंधरा आठवड्यांत बारा-चौदा परीक्षा. मूल वाचणार कधी? त्यात आयएसए म्हणजे बहुधा वीस मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न, कारण ते तपासायला सोपे. शिक्षकाला दोष देण्याआधी गणित पाहावे. साठ मुलांचा वर्ग दहा-दहाच्या सहा गटांत वाटून प्रत्येक गटाला आठवड्याला एक तास दिला तर सहा तास जातात. साहाय्यक प्राध्यापकाचे आठवड्याचे अध्यापन सोळा तासांचे. एका वर्गासाठी त्यातले सहा देणे शक्य नाही. पंधरवड्याला एकदा ठेवले तर आठवड्याला तीन तास, ते जमते. निबंध तपासायला पंधरा मिनिटे धरली तर साठ निबंधांना पंधरा तास, पंधरवड्यात वाटले तर आठवड्याला साडेसात. हे साडेसात तास कुठल्याही वर्कलोडमध्ये मोजले जात नाहीत. ते मोजा, आणि दोन आयएसएंपैकी एक म्हणून दोन पानांचा निबंध घ्या, मराठीत, कोकणीत किंवा इंग्रजीत, मुलाला ज्यात विचार करता येतो त्यात. भाषेची आठ क्रेडिट बायोडाटा आणि ई-मेल लिहायला शिकवण्यात घालवू नयेत, एवढीच विनंती.

हे सगळे करणारा शिक्षक वर्षभर कॉलेजात हवा, हे ओघाने आलेच. लेक्चर बेसिसवरचा शिक्षक तासाला पैसे घेतो. त्याच्याकडून तक्ता भरण्याची, बांधावर जाण्याची, निबंधावर शेरे लिहिण्याची अपेक्षा करायला तोंड कुठे आहे? तो मार्चमध्ये जातो आणि जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात असतो. त्याने कष्टाने बसवलेला कोर्सही त्याच्याबरोबर जातो.

चौथ्या वर्षाबद्दल थोडक्यात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यालाच संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात बारा क्रेडिटचा प्रबंध. बाकीच्यांनी त्याऐवजी चार-चार क्रेडिटचे तीन कोर्स करायचे. म्हणजे एकाच वर्गात दोन प्रकारची मुले, आणि त्या तीन कोर्सना शिकवणारा माणूस वेगळा लागतो. लहान विभागात, जिथे तीनच शिक्षक आहेत, तिथे एफवाय ते चौथे वर्ष सगळे चालवून प्रबंधही तपासणे होणार नाही. पणजी-म्हापसा किंवा मडगाव-नुवे-नावेली अशा शेजारच्या कॉलेजांनी चौथ्या वर्षाचे काही कोर्स वाटून घ्यावेत. मूल आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कॉलेजात बसेल. त्यासाठी दोन्हीकडचे ते दोन दिवस जुळले पाहिजेत. पुन्हा वेळापत्रकच.

चौगुले कॉलेज २०१४ पासून स्वायत्त आहे. स्वायत्ततेत अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती येतात, पदवी विद्यापीठाचीच राहते. जोडलेल्या कॉलेजांना अभ्यासक्रम हलवता येत नाही हे मान्य. पण तास कधी ठेवायचे, कोणत्या खोलीत आणि बुधवारची दुपार मोकळी ठेवायची की नाही, हे ठरवायला कुठलीही स्वायत्तता लागत नाही. त्याला प्राचार्य, एक वेळापत्रक समिती आणि मे महिन्यातले दोन आठवडे लागतात.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक कॉलेजने माहितीपत्रकासोबत तीन कागद आपल्या संकेतस्थळावर टाकावेत: गेल्या वर्षी प्रत्यक्ष चाललेले वेळापत्रक, प्रत्येक बहुविद्याशाखीय कोर्सला किती मुले बसली आणि कोणते कोर्स रद्द झाले त्याची यादी, आणि विभागवार कायम शिक्षक किती, लेक्चर बेसिसवर किती. संकेतस्थळावर ते नसतील तर पालकांनी प्रवेशाच्या खिडकीवर मागावेत. फी भरण्याआधी.

आपले,
गोव्यातील कला व विज्ञान महाविद्यालयांतून निवृत्त झालेले काही प्राध्यापक
पणजी, म्हापसा, मडगाव